सावित्रीच्या काठाने वर, कृष्णेच्या काठाने खाली

सावित्री आणि कृष्णा दोघी महाबळेश्वरच्या एकाच डोंगरातून निघतात. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून शंभरेक किलोमीटरवर बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेकडे वळते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला पोचते. झाडं बघायला निघालेली माणसं सहसा एखादं अभयारण्य गाठतात. आम्ही नद्या धरल्या. खाडीच्या मुखापासून घाटमाथ्यापर्यंत चढायचं, मग पलीकडे उतरून पार माणदेशात जायचं. एवढ्याशा अंतरात पाऊस सहा हजार मिलिमीटरवरून पाचशेवर येतो, आणि माझ्या मते झाडाचा स्वभाव म्हणून आपण जे काही म्हणतो ते बहुतेक सगळं त्याने पाण्याशी केलेल्या व्यवहारातून येतं. ते डोळ्यांनी बघायला याहून चांगला रस्ता मला ठाऊक नाही. सोबत ताई होती, माझी मावसबहीण. वनस्पतिशास्त्र शिकलेली. बोलते कमी, भिंग काढते जास्त. महिना मार्च, म्हणजे निम्मी झाडं उघडी आणि निम्मी फुललेली.

शनिवार, बाणकोटची खाडी

वेसवीहून बागमांडल्याला जाणाऱ्या फेरीबोटीतून कांदळवन, म्हणजे खाडीच्या चिखलातलं खारफुटीचं जंगल दिसतं, पण लांबून. म्हणून एक लहान होडी ठरवली. 'काका, जरा झाडांच्या कडेकडेने घ्याल का?' म्हटलं. 'घेतो की. पन आत नाय जायचं हां. ओहोटी लागलीय. चिखलात बसली तर पानी भरेपर्यंत सहा तास तिथंच.'

ओहोटी लागलेली होती हेच आमच्या पथ्यावर पडलं. भरतीला कांदळवन म्हणजे पाण्यावरचा नुसता हिरवा पट्टा असतो. पाणी उतरलं की त्याची सगळी यंत्रणा उघडी पडते. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटभर उंचीची मुळं वर आलेली, मोजदाद करता येणार नाही इतकी. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून तिवराने मुळांनाच श्वास घ्यायला वर पाठवलंय. कांदळाची तऱ्हा वेगळी. त्याची मुळं खोडातून कमानी करून खाली उतरतात आणि झाड त्या कमानींवर तोललेलं असतं.

मिठाच्या बाबतीतही या दोन शेजाऱ्यांचं जमत नाही. कांदळ मीठ मुळाशीच गाळतो आणि बहुतेक सगळं बाहेर ठेवतो. तिवर ते बऱ्यापैकी आत येऊ देतो आणि मग पानांतल्या ग्रंथींमधून बाहेर टाकतो. काकांनी होडी एका फांदीला लावली. ताईने पान मोडून मला दिलं. 'चाट.' चाटलं. खारट! भिंगाखाली पानावर मिठाचे बारीक स्फटिक चमकत होते. उन्हाने वाळलेल्या पानावर ते नुसत्या डोळ्यांनाही दिसतात.

कांदळाला फळं लागली होती, पण त्यांना फळं म्हणणं अर्धवट आहे. बी झाडावर असतानाच रुजतं आणि त्याचं कोंब-मूळ शेवग्याच्या शेंगेसारखं हिरवं, लांब होऊन फांदीला लोंबतं. ओहोटीत पडलं तर टोकावर चिखलात रुततं आणि तिथेच उभं राहतं. भरतीत पडलं तर तरंगत दुसरी जागा शोधतं. खाऱ्या चिखलात बी रुजणं हाच सगळ्यात धोक्याचा टप्पा, तो या झाडाने अंगावरच उरकून घेतलाय.

आणखी थोडं पुढे, पाण्याच्या अगदी तोंडाशी, पांढरी चिप्पी. २०२० साली महाराष्ट्राने हिला राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. तोवर देशात कुठल्याच राज्याने कांदळवनातल्या झाडाला असा मान दिला नव्हता. तिची फुलं संध्याकाळी उघडतात, रात्री वटवाघळं आणि पतंग येऊन जातात, सकाळपर्यंत पांढऱ्या केसरांचा झुपका गळून पडलेला असतो. आम्ही दुपारी गेलो, त्यामुळे आमच्या वाट्याला चांदणीच्या आकाराच्या निदलपुंजावर (पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीवर) बसलेली टणक फळं आली.

किनाऱ्यावर सुरूचं बन होतं. सावलीत बसायला बरं वाटतं. सुया म्हणून आपण ज्या बघतो त्या सुरूची पानं नाहीत, सांध्यासांध्यांच्या हिरव्या डहाळ्या आहेत. खरी पानं म्हणजे त्या सांध्यांवरचे सूक्ष्म खवले. मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू असतात, म्हणून नुसत्या वाळूवरही हे झाड खुशाल वाढतं. पण खाली डहाळ्यांचा असा जाड थर पडतो की दुसरं काही डोकं वर काढत नाही. पुढे दोन उंडीची झाडं दिसली आणि मला तीच अधिक आवडली: रुंद, जाड, चकचकीत पानं, आणि समुद्रात पडून तरंगत दूरवर जाऊन रुजणारं फळ.

रविवार, आंबेनळी घाट

महाड, पोलादपूर मागे टाकलं आणि घाट लागला. सावित्रीचं खोरं उजव्या-डाव्या हाताला लपाछपी खेळत राहतं. चाळीसेक किलोमीटरचा हा रस्ता लोक दीड तासात संपवतात. आम्हाला दिवस पुरला नाही.

खालच्या टप्प्यात राज्य ऐन आणि किंजळ यांचं. मार्चमध्ये ऐन बहुधा उघडाच असतो, म्हणून खोड निवांत बघता येतं: काळसर साल, उभ्याआडव्या भेगांनी जाड चौकोनी खवल्यांत फुटलेली. डोंगरउतारावर वणवा फिरून गेला की गवत आणि कोवळी रोपं जळतात, हा मोठा ऐन नुसता काळा पडून उभा राहतो. ती साल त्याचं चिलखत आहे. ऐनाच्या काही झाडांच्या खोडात पाणीही साठतं. भर उन्हाळ्यात साल छेदली की धार लागते. प्रत्येक झाडात नाही, आणि कुठल्या झाडात असेल हे जंगलात वाढलेली माणसंच ओळखतात.

ऐनाखाली वाळकी फळं पडली होती. ताईने चार-पाच गोळा केली. प्रत्येक फळाला पाच पंख. किंजळाचंही पंखांचं, पण फळ चिमुकलं आणि तिनांतला एकच पंख खरा मोठा. मग रस्त्याच्या वळणावर हिरडा भेटला, त्याखाली सुरकुतलेली पिवळट फळं. पंख नाहीत. थोडं वर बेहडा, त्याचं फळ मखमली लवीचं, तेही बिनपंखांचं. ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा आणि नदीकाठचा अर्जुन ही सगळी एकाच प्रजातीतली भावंडं, शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया. पहिल्या दोघांनी आणि अर्जुनाने पंख ठेवले, हिरड्या-बेहड्याने गर धरला आणि बी नेण्याचं काम जनावरांवर सोपवलं. चार फळं तळहातावर शेजारी शेजारी ठेवली तर एका घराण्यात वाटे कसे झाले ते समजतं. पुस्तकात हे मी दहादा वाचलं असेन. तळहातावर पहिल्यांदा बघितलं.

दुपारनंतर एका वळणावर ताई एकदम म्हणाली, 'अरे थांब, थांब!' दरीत एक झाड आख्खं लाल होतं. वाटलं पांगारा. पण पांगाऱ्याचा लाल असा सलग नसतो, उघड्या फांद्यांवर तुरे तुरे असतात. हा कुसुंब होता आणि लाल होती ती त्याची पानं. नवी पालवी आधी गडद लाल, मग तांबूस, मग हिरवी. एकाच फांदीवर शेंड्याकडून खोडाकडे येताना तिन्ही रंग ओळीने मोजता येतात. शेंड्याचं पान बोटांत धरलं तर ओलसर आणि इतकं मऊ की नखाचा वण उठतो. हरितद्रव्य पुरतं तयार होण्याआधी त्यात लाल रंगद्रव्य भरलेलं असतं. कडक उन्हापासून कोवळ्या पेशींना त्याची ढाल होते असं एक स्पष्टीकरण आहे, आणि लाल पान किडीला खाण्याजोगं वाटत नाही असं दुसरं. दोन्ही खरी असायला हरकत नाही.

मला त्याहून नवल वाटतं ते वेळेचं. पाऊस जूनचा. मार्चमध्ये जमीन तापलेली, ओढे आटलेले. अशा वेळी कुसुंब अंगभर नवी पानं काढतो. तोच का, सह्याद्रीतली कितीतरी झाडं उन्हाळ्यातच पालवतात. पाऊस येईपर्यंत थांबत नाहीत. आधी पानं गाळून पाण्याचा खर्च बंद करायचा, खोडात आणि खोल मुळांशी असलेली शिल्लक राखायची, आणि दिवस मोठा होऊ लागला की त्या शिलकीवर पालवी फोडायची. पाऊस सुरू होतो, अळ्यांची पैदास वाढते, तोवर पानं जून झालेली असतात आणि ढगाळ दिवसांतला थोडका उजेडही वाया जात नाही. पानगळीला आपण उगाच उदासवाणं समजतो. तो चोख हिशोब आहे.

बाकी वाटेत सावर होती, फुलांनी लदलेली, साळुंक्या आणि कोतवालांचा नुसता गोंधळ. शिवणीची पिवळी-तपकिरी फुलं रस्त्यावर सडा घालून होती. आणि एका खोलगट जागेत भेरली माड. हा ताडकुळातला, टोकाशी फाटल्यासारख्या पानांचा. आयुष्यभर फुलतच नाही, नुसता उंच होतो, खोडात पिष्ट साठवत राहतो. उंची पुरी झाली की पहिला फुलोरा शेंड्याशी येतो, मग त्याखालचा, मग त्याखालचा. असं वर्षानुवर्षं खाली उतरत सगळ्यात खालचा फुलोरा फळला की झाड मरतं. आम्ही बघितला त्याच्या खोडावर अर्ध्या उंचीपर्यंत फुलोरे उतरले होते. 'अर्धं आटोपलं म्हणायचं,' ताई म्हणाली.

सोमवार, महाबळेश्वर

साडेतेराशे मीटर उंची, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. एवढा पाऊस म्हणजे गगनाला भिडणारी झाडं असतील अशी कुणाचीही अपेक्षा. प्रत्यक्षात इथल्या जंगलाचा माथा दोन मजली घराइतकाही नसतो. कारण पायाखाली आहे. वर जांभा दगड, त्यावर मातीचा पातळ थर. पाऊस चार महिन्यांत कोसळून वाहून जातो आणि आठ महिने कोरडे. त्यात पश्चिमेच्या कड्यावरून थेट अंगावर येणारा वारा. इथे उंच होण्यात शहाणपण नाही.

हे ज्याला सगळ्यात आधी उमगलं ते झाड म्हणजे अंजनी. महाबळेश्वरच्या रानात दर दुसरं-तिसरं झाड अंजनीचं. खोड वेडंवाकडं, लाकूड अतिशय कठीण, वाढ संथ. पान जाड, चिवट, वरून गुळगुळीत. त्यातून पाणी उडून जाणं अवघड. म्हणून पानं गाळण्याची गरजच तिला पडत नाही. एकदा पक्कं पान करायचं आणि ते पुरवून वापरायचं, हा तिचा हिशोब. कालच्या कुसुंबाच्या बरोबर उलटा.

आणि आम्ही गेलो तेव्हा ती फुलली होती. अंजनीची फुलं शेंड्याला येत नाहीत. पानांच्या बगलेत आणि जुन्या, उघड्या फांद्यांच्या गाठींवर निळ्या-जांभळ्या फुलांचे गच्च झुबके फुटतात. एक फूल तांदळाच्या दाण्याहून फारसं मोठं नाही, पण झुबका मुठीएवढा. काळपट फांदीवर तो रंग विजेरी लावल्यासारखा उठतो. भिंगातून बघितलं तर केसरही निळे. मधमाश्या इतक्या होत्या की झाड दिसायच्या आधी ऐकू येत होतं. आर्थर सीटला जाणाऱ्या वाटेवर गाड्यांची रांग लागली होती आणि त्या रांगेतल्या एकाही काचेतून कुणी या झाडाकडे बघत नव्हतं. कड्याच्या टोकाशी उभं राहून सावित्रीच्या खोऱ्याचे फोटो मात्र सगळ्यांनी काढले. आम्हीही काढले.

अंजनीच्या जोडीला जांभूळ आणि पिसा. पिशाची पानं फांदीच्या टोकाशी चक्राकार येतात आणि खालून पांढुरकी असतात, वाऱ्याने उलटली की सगळं झाड रंग बदलतं. जांभूळ ओळखायला मला क्षणभर लागला. सखल प्रदेशातला धिप्पाड जांभूळ इथे वाऱ्याने छाटून ठेवल्यासारखा गिड्डा, खोडावर शेवाळ, नेचे, दगडफुलाचे राखी चट्टे. एका फांदीवर आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, पानं झडलेल्या कांड्या होत्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या फुलांचे तुरे. पावसाळ्यात आणि धुक्याच्या दिवसांत मिळालेल्या ओलाव्यावर हे सगळं भाडेकरू मंडळ तग धरून असतं. झाड गेलं की तेही गेलं.

महाबळेश्वर-पांचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. बांधकामं दिसायची थांबलेली नाहीत. अंजनीचं जंगल तोडून पुन्हा लावू म्हणणाऱ्याने तिची वाढ किती संथ असते ते आधी बघावं.

संध्याकाळी वेण्णेच्या काठाला वाळुंज दिसला. विलो म्हणजे थंड देशांतलं झाड अशी आपली समजूत, पण हा आपला देशी विलो आहे. नदीकाठ सोडून तो राहत नाही. त्याचं कापूस लावलेलं बी वाऱ्यावर उडतं आणि फार थोडे दिवस जिवंत असतं. तेवढ्यात ओली माती मिळाली तर ठीक.

मंगळवार, पसरणी घाट, वाई आणि वडाचे म्हसवे

महाबळेश्वरहून पांचगणी वीसेक किलोमीटर. तेवढ्यात पाऊस दोन हजारांच्या आत येतो. घाट उतरून वाईला पोचलो की हजारालाही पोचत नाही.

पांचगणीच्या सिल्व्हर ओकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातलं झाड, सरळ वाढतं, पान नेच्यासारखं कातरलेलं आणि खालून चंदेरी. निकस मातीतलं फॉस्फरस ओढून घ्यायला त्याला झुपकेदार मुळं असतात. हुशार आहे. पण घाटमाथ्याची सावली म्हणून ते मला परकंच वाटतं.

पसरणी घाटात रान बदललेलं लगेच कळतं. अंजनी संपते, गवत वाढतं, पळस सुरू होतो. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. मार्चमध्ये तीही नसतात. काळ्या वाकड्या फांद्या आणि केशरी फुलं. एका फांदीवर शिंजीर लटकून मध पीत होता. आत चोच घालताना फुलाच्या बाकदार नौकेसारख्या पाकळीतले केसर त्याला लागत होते, तेवढंच पळसाचं काम. पुढे शेंगही चपटी, बी एकच, तेही टोकाला, म्हणजे शेंग गरगरत लांब जाऊन पडावी.

उतारावर एक कांडोळ दिसला. पांढरंफटक खोड, कागदासारखे सुटणारे पापुद्रे, एकही पान नाही. रात्री बघणाऱ्याला भीती वाटेल असं ध्यान. ताईने पापुद्रा हळूच उचलला तर खाली हिरवं. पानं गाळली तरी या झाडाने अन्न तयार करायचं दुकान सालीत चालू ठेवलंय. कुसुंब, अंजनी आणि हा, कोरड्या महिन्यांची तीन उत्तरं.

वाईला कृष्णेच्या काठावर परत जांभूळ. तोच जांभूळ जो काल कंबरेत वाकला होता, इथे नदीच्या पाण्यावर पोसून दोन माणसांच्या कवेत न मावणारा. शेजारी उंबर, बुंध्यापासून फळांनी लगडलेला.

वाईहून साताऱ्याच्या दिशेने जाताना जावळी तालुक्यातल्या म्हसवे गावाकडे वळलो. वडामुळे गावालाच वडाचे म्हसवे म्हणतात. कित्येक एकरांवर पसरलेला हा वड आत शिरल्याशिवाय एक झाड वाटतच नाही. पारंब्या जमिनीला टेकून खोडं झाली, त्या खोडांनी फांद्या धरल्या, फांद्यांनी पुन्हा पारंब्या सोडल्या. मूळ खोड कोणतं हे शोधायचा नाद आम्ही लवकरच सोडला.

ताईने एक पिकलेलं लाल फळ नखाने उकललं आणि भिंग पुढे केलं. आत भिंतीला शेकडो बारीक फुलं आणि त्यांच्यात एक-दीड मिलिमीटरचे काळे किडे. वडाची फुलं फळाच्या आत कोंडलेली असतात. त्यांच्यापर्यंत पोचते ती एकच गांधीलमाशी, युप्रिस्टिना मॅसोनी. मादी फळाच्या तोंडातून आत घुसते, त्यात तिचे पंख तुटतात. परागकण टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पिल्लांतले नर आधी बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात. माद्यांशी मीलन करायचं, फळाला भोक पाडायचं आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. त्या भोकातून नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या वडाकडे उडतात. त्यांना फारच थोडा वेळ मिळतो, म्हणून परिसरात कुठल्या ना कुठल्या वडाला योग्य वयाची फळं सतत असावी लागतात. सगळे वड एकदम फळत नाहीत ते त्यामुळे. आणि त्यामुळेच हरियाल, तांबट, बुलबुल यांना बारा महिने काहीतरी मिळतं. एवढा अवाढव्य वृक्ष, पण वंश चालायचा तो त्या चिमुकल्या किड्याच्या भरवशावर!

बुधवार, माण

पुसेगाव ओलांडलं आणि क्षितिज मोकळं झालं. दहिवडीच्या आसपास पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. टेकड्यांवर गुलाबी फुललेलं गिरिपुष्प. याला हल्ली चेरी ब्लॉसम म्हणून फोटो काढतात. झाड मध्य अमेरिकेचं, हिरवळीच्या खतासाठी आणि उघड्या डोंगरांवर लावायला आणलेलं. लवकर वाढतं, शेळ्या फारशा तोंड लावत नाहीत, म्हणून लागवडीचा आकडा दाखवायला सोयीचं. त्याखाली अर्धा तास फिरलो, एक पक्षी दिसला.

त्यापेक्षा माळावरचा हिवर बघावा. पिवळट-पांढरी साल, जोडीजोडीने काटे, बारीक पिसासारखी पानं. पानाचा एवढासा तुकडा तापत नाही आणि पाणीही फारसं उडवत नाही. शेजारी बाभूळ, तिचे काटे लांब, सरळ, पांढरे. आणि बांधावर मशागतीला आड न येणारी रामकाठी, बाभळीचाच प्रकार, पण फांद्या वर चढवून सरळसोट उभा. निंबाने जुनी पानं नुकतीच टाकून तांबूस कोवळी काढली होती. आजूबाजूला काही हिरवं नसताना निंब हिरवा होतो, कारण त्याची मुळं फार खोल गेलेली असतात.

बाभळीखाली एक आबा शेळ्या घेऊन बसले होते. मण्यांच्या माळेसारखी गळे पडलेली शेंग शेळी कडाकड चावत होती. 'आबा, एवढ्या शेंगा खातात, बी पचतं का?' ताईने विचारलं.

'न्हाय वो ताई. रातच्याला रवंथ करत्यात तवा बी थुकत्यात. सकाळी वाड्यात बघावं तर पडल्यालं असतंय.'

'मग ते बी उगवतं?'

'उगवतंय की. हातानं पेरल्यालं उगवायला लई येळ लागतोय, शेळीच्या तोंडातनं आल्यालं लौकर फुटतंय.'

टणक सालीचं बी चावून, पोटातल्या रसात मुरून आलं की पाणी आत शिरायला वाट होते, ताई म्हणाली. आबांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊकच होतं. मग ते उठले आणि म्हणाले, 'वाडा हितंच हाय, बघायचं आसंल तर चला.' आम्ही शेळ्यांच्या मागून निघालो. वाड्यात लेंड्यांच्या थरावर तपकिरी, गुळगुळीत बिया विखुरलेल्या होत्या. ताईने दोन उचलून भिंगाखाली धरल्या. एकीच्या कडेला दाताची बारीक खूण होती, दुसरी जशीच्या तशी. आबा म्हणाले, जून लागायच्या आधी हे खत शेतात जातं, आणि बांधावरच्या बाभळी अशाच आल्यात, कुणी लावल्या नाहीत.